एकदाच विचारलं होतं

माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट, याची आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली. ऱ्हस्व-दीर्घ तेव्हाही कळत नव्हतं, आता तर कुठं पहिली वेलांटी द्यावी आणि कुठं दुसरी, अंदाजानंच देते. हे कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही. मुलाच्या प्रिंटरमधून एका बाजूनं छापलेले कागद निघतात, ते तो टाकून देतो. मी मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिते. दुपारी या घरात इतकं गप्प असतं की फ्रिज घुरघुरायला लागला तरी कुणीतरी आल्यासारखं वाटतं.

मी इथं अमेरिकेत, अल्फारेटाला आले ते २००५ च्या जानेवारीत. त्याच्या आदल्या वर्षी माझे मालक गेले. ते बार्शीच्या मार्केट यार्डात मापाडी होते, आयुष्यभर लोकांचं धान्य मापून दिलं. ते गेल्यावर दोन खोल्यांत मी एकटी राहिले. मुलगा एकुलता, इथं कंप्युटरवर काम करतो. तो म्हणाला, सहा महिने तरी ये, नातीला बघ. नात तेव्हा सहा वर्षांची होती. मी मराठीत बोलायची, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि मधे कुठंतरी आमचं जमायचं. रात्री झोपताना मात्र माझा हात तिच्या केसांत लागायचा. तेवढं झालं की ती झोपायची.

येऊन महिना झाला असेल. जेवताना मुलानं विचारलं, "आई, मी आता इथला सिटिझन झालोय. तुझ्यासाठी ग्रीन कार्डचं फाइल करता येईल. तुला इथं कायमचं राहायचंय का?"

माझ्या मनात काय होतं ते मला त्याच क्षणी कळलं होतं. राहायचं होतं. बार्शीच्या त्या दोन खोल्यांत संध्याकाळी दिवा लावून दाराकडं बघत बसणं मला नको झालं होतं. पण तोंडातून निघालं ते असं, "नको रे बाबा. उगाच तुम्हाला त्रास."

आमच्याकडं पहिल्या नकोला कुणी नको समजत नाही. पानात दुसरी पोळी वाढायला आले की हात आडवा धरून नको म्हणायचं, वाढणारीनं ती तरीही वाढायची, मग आपण खायची. ओटीतलं पातळ सुद्धा कुणी पहिल्यांदा घेत नाही. मी नको म्हणाले आणि वाट बघत बसले, आता तो म्हणेल, असं कसं आई, आम्हाला कुठला त्रास, राहायचंच तू.

तो म्हणाला, "ओके. तुझी इच्छा."

आणि भाताला हात घातला. सुनेनं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा त्याच्याकडं. पुढच्या आठवड्यात त्यानं जुलैचं परतीचं तिकीट नक्की केलं आणि कागद फ्रिजवर चुंबकानं लावला. दूध काढायला गेलं की तो दिसायचा.

इथं घरातून बाहेर पडायचं माझं एकच काम होतं, टपाल आणायचं. आमच्या अपार्टमेंटच्या सगळ्या टपालपेट्यांची भिंत क्लबहाऊसच्या बाजूला आहे, तळ्याच्या कडेनं जावं लागतं. तळ्यावर मोठाली बदकं असतात, ती माणसाला भीत नाहीत, उलट अंगावर येतात. मी साडीवर मुलाचा स्वेटर, पायात सुनेचे जुने बूट असा अवतार करून जायची. एकदा किल्ली काही केल्या फिरेना. "अगं बाई, आता काय करू," असं मी पेटीशीच बोलले असेन. मागून आवाज आला, "उलटी करून घाला, ताई."

मी इतकी दचकले की किल्ली खाली पडली. मागं एक उंच, वाळकेसे म्हातारे उभे होते. डोक्याला लोकरी टोपी, हातात मोजे, आणि उन्हाचा दिवस असून काखेत छत्री.

"बार्शीकडच्या का?" त्यांनी विचारलं.

"हो. कसं ओळखलं?"

"मी मोहोळचा. 'अगं बाई' आपल्याकडं जरा लांबवून म्हणतात."

ते इंग्लंडात चाळीस वर्षं काढून आले होते. लेस्टर नावाच्या गावात बस चालवायचे. बायको वारली, मग मुलगी त्यांना इकडं घेऊन आली. मुलगी-जावई दोघंही दिवसभर ऑफिसात. अपार्टमेंटमधले सगळे मराठी लोक त्यांना काका म्हणायचे, मीही म्हणू लागले. मी लाजरी बाई, परपुरुषाशी चार शब्द बोलायचे तरी पदरच सावरत राहते. पण ते माझ्याकडं न बघता पेट्यांकडं बघत बोलायचे, त्यामुळं मला सोपं जायचं.

ते रोज येऊन आपली पेटी उघडायचे, आत हात घालून शेवटपर्यंत चाचपायचे आणि बंद करायचे. एक दिवस मी धीर करून विचारलं, "कुणाचं पत्र यायचंय का काका?"

"सरकारचं," ते म्हणाले. "इंग्लंडच्या. युरोपातल्या देशांनी मिळून एक घटना लिहिलीय, ती मानायची का यावर रेफरेंडम व्हायचंय. आपल्यात त्याला सार्वमत म्हणतात. पंतप्रधानांनी कबूल केलंय. मी अजून तिथला मतदार आहे, मला टपालानं मत पाठवता येतं."

मला वाटलं निवडणूक असेल. ते म्हणाले, "निवडणूक नव्हे. निवडणुकीत माणूस निवडायचा, मग पाच वर्षं तो काय करील ते करील. सार्वमतात माणूस नसतो. एक प्रश्न असतो आणि खाली दोन चौकोन, हो आणि नाही. बस. ज्या चौकोनात फुली माराल ते तुमचं."

"मग रोजच का विचारत नाहीत?"

ते हसले. "तिथं पार्लमेंट सगळ्यात मोठं. त्यांचं म्हणणं, लोकांनी आम्हाला निवडून दिलंय, परत परत काय विचारायचं? विचारतात कधी, तर त्यांचं आपापसात जुळत नाही तेव्हा. मी तिथं असताना अख्ख्या देशाला एकदाच विचारलं. पंचाहत्तर साली."

ती गोष्ट त्यांनी मला तुकड्यातुकड्यानं सांगितली, त्या वसंतात. तेव्हा इथं पाइनच्या झाडांची पिवळी भुकटी पडत होती. गाड्या, पायऱ्या, टपालपेट्या, सगळं हळद सांडल्यासारखं पिवळं. काका मोज्यानं पेटी पुसायचे आणि बोलायचे.

युरोपातल्या देशांनी मिळून एक सामायिक बाजार काढला होता. इंग्लंड त्यात शिरलं आणि दोन वर्षांनी लोकांना विचारलं, आता यात राहायचं का?

"आधी शिरले आणि मग विचारलं?" मी म्हणाले.

"हो."

"माझ्या लग्नात असंच झालं. हळद लागल्यावर मामानं विचारलं, पोरी, पसंत आहे ना?"

"मग काय म्हणालात?"

"खाली बघितलं."

"इंग्लंडात खाली बघितलेलं मोजत नाहीत," काका म्हणाले.

सरकारातच तेव्हा दोन तट होते. मंत्री मंत्र्याच्या विरुद्ध भाषणं करायचे, आणि पंतप्रधानांनी त्याला मोकळीक दिली होती. घरोघरी तीन पुस्तिका आल्या. एक हो म्हणणाऱ्यांची, एक नाही म्हणणाऱ्यांची आणि एक सरकारची.

"सरकारचीत काय होतं?"

"हो म्हणा."

"म्हणजे दोन हो आणि एक नाही. मापात पाप."

यावर ते इतके हसले की बदकं उडाली. मलाही बरं वाटलं. इथं आल्यापासून माझ्या बोलण्यावर कुणी हसलं नव्हतं.

काकांच्या डेपोतल्या युनियननं नाही म्हणा असं सांगितलं होतं. काकांनी नाहीवर फुली मारली. बायकोलाही बजावून नेलं, दुसऱ्या चौकोनात मार. पण मत द्यायच्या खोपटात एकेकट्यानंच जायचं असतं. लाकडाचं खोपटं, आत एक फळी, फळीला दोरीनं बांधलेली पेन्सिल. बाई आत गेली, बाहेर आली, कागद पेटीत टाकला. काकांनी विचारलं, मारलीस? ती म्हणाली, मारली. पुढं कितीतरी वर्षांनी, एकदा कांदे चिरता चिरता तिनं सांगितलं की तिनं होवर मारली होती.

"का म्हणून?" मी विचारलं.

"मीही हेच विचारलं. ती म्हणाली, एकदा घरात शिरल्यावर लगेच बाहेर काय पडायचं? मी किती वेळा सामान बांधू?" काकांनी पेटी बंद केली. "जिंकली तीच. देशानं हो म्हटलं, चांगलं दोन तृतीयांश लोकांनी. मी तिला म्हटलं, माझ्या विरुद्ध गेलीस! तर म्हणाली, आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी एकटीला विचारलं, तुम्ही बाहेर उभे होता, मग मी खरं सांगून टाकलं."

त्या दिवशी मी घरी आले ती टपाल न काढताच आले. परत जावं लागलं.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती मला तेव्हा नीट कळली नाही. ते म्हणाले, "कायद्यानं बघाल तर सार्वमत म्हणजे नुसता सल्ला. पार्लमेंटनं तो मानलाच पाहिजे असं नाही. पण एकदा लोकांना विचारलं की मग न मानण्याची छाती कुणाची होणार? आणि सरकारला त्यात एक सोय असते ताई. उद्या काही बिघडलं तर म्हणता येतं, आम्ही काय करणार, तुम्हीच सांगितलं होतं."

जून उजाडला. घरात माझ्या जायची तयारी सुरू झाली. सून चांगली आहे, बार्शीच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी चॉकलेटची पाकिटं, भाचीला पर्स, असं एकेक आणून पलंगावर मांडायची. मुलानं बॅगा वजन करायचा काटा आणला. मापाड्याची बाई मी, पण त्या काट्यात माझ्याच बॅगेचं वजन बघवेना. दोघांपैकी कुणी परत काही विचारलं नाही, आणि आपण होऊन सांगायचं तर तोंड उघडेना. नको मीच म्हणाले होते. आता राहते म्हणायचं म्हणजे त्यांच्या दारात पदर पसरण्यासारखं. रात्री नातीच्या केसांतून हात फिरवताना मी मनात सगळं नीट जुळवायची, आणि सकाळी चहाच्या कपाबरोबर गिळून टाकायची.

अशात काका पेट्यांपाशी टोपी न घालता आले. रद्द झालं म्हणाले.

"काय रद्द झालं?"

"सार्वमत. फ्रान्सनं आपल्या लोकांना विचारलं, ते नाही म्हणाले. मग हॉलंडचे नाही म्हणाले. त्यावर आमचं सरकार म्हणतं, आता आपल्याला विचारायची गरज उरली नाही." त्यांनी तरीही पेटी उघडली, हात घालून चाचपली. "दुसऱ्यांनी उत्तर दिलं म्हणून मला प्रश्नच नाही. तीस वर्षांनी विचारणार होते, ताई."

त्यांचा चेहरा बघून माझं मलाच कळलं नाही, मी सगळं बोलून गेले. मुलानं विचारलं ते, मी नको म्हणाले ते, फ्रिजवरचं तिकीट, पलंगावरची चॉकलेटं.

"राहायचं होतं तर नको का म्हणालात?"

"पहिल्यांदा नकोच म्हणतात ना काका."

ते माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांना हसू आलं आणि हसण्याचा खोकला झाला. "अहो, मी नवा इंग्लंडात गेलो तेव्हा घरमालकीण रोज विचारायची, जेवणार का? मी म्हणायचो, नको. ती म्हणायची बरं, आणि ताट आत न्यायची. कितीतरी दिवस मी नुसत्या पावावर काढले. वाटायचं, काय कंजूष बाई आहे. तिकडं ती सगळ्यांना सांगायची, हा हिंदी माणूस फार थोडं खातो." मग ते गंभीर झाले. "तुमचा मुलगा त्या बाईसारखा झालाय. त्याचं चुकलं नाही. त्याला परत विचारायला लावा."

"सरकार परत विचारतं का?"

"आपण होऊन नाही विचारत. मागे लागावं लागतं."

"तुम्ही त्याच्याशी काही बोलू नका हं," मी घाबरून म्हणाले.

"छे छे. मी परक्या राज्याच्या कारभारात नाक खुपसत नाही."

मागे लागणं माझ्यानं झालं नाही. जे झालं ते नातीमुळं झालं. त्या वर्षी तिच्या वर्गात एक उंदरासारखा प्राणी पाळला होता आणि त्याचं नाव काय ठेवायचं यावर मुलांनी मतं दिली होती. मतं द्यायची त्यांची रीत अशी, की सगळ्यांनी बाकावर डोकं टेकायचं, डोळे मिटायचे आणि नुसता हात वर करायचा. कुणी कुणाचं बघायचं नाही. तेव्हापासून घरात तिचं तेच चालायचं. शुक्रवारी पिझ्झा की आजीची भाकरी? डोकी खाली. भाकरी दर वेळी हरायची, आणि तिला आपलं एक मत पडायचं, ते माझंच.

जायला थोडे दिवस राहिले असताना, शनिवारी सकाळी नाश्त्याला ती खुर्चीवर उभी राहिली. "व्होट!" म्हणाली. "आजी गो, ऑर आजी स्टे?"

"पिल्लू, ते आजीनं कधीच ठरवलंय," मुलगा म्हणाला. "बस खाली. पोहे सांडतील."

"बट वी डिडन्ट व्होट!"

"प्रत्येक गोष्टीचं व्होट नसतं."

"करू दे रे," सून म्हणाली. "एक मिनिटाचं तर काम. तू काय देशाचा पंतप्रधान आहेस?"

मुलानं उसासा टाकून ताट सरकवलं आणि डोकं टेकलं. सुनेनं टेकलं. मीही टेकलं. टेबल नुकतं पुसलेलं होतं, ओल्या फडक्याचा वास येत होता. मिटल्या डोळ्यांपुढं अंधार झाला आणि मला ते लाकडाचं खोपटं दिसलं. दोरीला बांधलेली पेन्सिल. बाहेर उभे असलेले, आणि ज्यांना आतलं दिसत नाही असे सगळे.

"नो पीकिंग! हू वॉन्ट्स आजी टू गो?"

कुणाच्या बांगडीचा, बाहीचा आवाज येतो का म्हणून मी कान दिले. काही आलं नाही.

"हू वॉन्ट्स आजी टू स्टे?"

माझा हात उचलला गेला. मी उचलला असं नाही म्हणता येणार, पण नको म्हणायला तोंड उघडतं तसं ते नव्हतं. हात वर गेला आणि तिथंच राहिला.

"ओपन!"

सगळ्यांनी डोकी वर केली. मला हात खाली घ्यायचं सुचलंच नाही. मुलानं पाहिलं तेव्हा तो तसाच वर होता, काकणं कोपरापर्यंत घसरलेली. नात बोटं दाखवत ओरडत होती, "फोर! फोर स्टे, झीरो गो! मी पण व्होट केलं!"

"आई," मुलगा म्हणाला. "तू तर नको म्हणाली होतीस."

"एकदाच विचारलंस रे," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की मलाच ऐकू आला नसता.

"म्हणजे काय? किती वेळा विचारायचं?"

"मी सांगितलं होतं तुला," सून म्हणाली, "परत एकदा विचार म्हणून."

"कधी सांगितलंस?"

"कारमध्ये."

"कारमध्ये तू शंभर गोष्टी सांगतेस!"

"त्यातली ही एक होती."

दोघं भांडत राहिली, नात खुर्चीवर नाचत राहिली, आणि मी उठून सिंकमधली भांडी घासायला लागले, कारण डोळ्यांचं काय करावं ते कळेना. थोड्या वेळानं मुलगा मागं येऊन उभा राहिला. माझ्या हातातली घासणी काढून घेतली. फ्रिजवरचा कागद मात्र त्यानं काढला नाही, तो नातीनं काढला आणि त्याच्या मागं चित्र काढलं.

तिकीट कॅन्सल केलं. वकील, फोटो, बोटांचे ठसे, सगळं सुरू झालं. मी काकांना सांगायला गेले तेव्हा ते म्हणाले, "शंभर टक्के मतदान आणि एकही विरोधी मत नाही! इंग्लंडात असं कधी झालं नाही, ताई. तिथं असतं तर चौकशी लागली असती."

ते खूश होते. पण त्याच पानगळीत त्यांच्या मुलीला टेक्ससला फ्रिस्को म्हणून गाव आहे तिथं नोकरी लागली आणि त्यांचं जायचं ठरलं.

"तुम्हाला विचारलं का काका?"

"कळवलं," ते म्हणाले. "पार्लमेंट सगळ्यात मोठं, म्हटलं ना." मग म्हणाले, "नवा पत्ता मी लंडनला कळवलाय. पण चुकून कधी इकडंच काही आलं, तर पोस्टमनला म्हणावं परत पाठव. तुम्ही रोज येताच."

ते गेले त्या दिवशी मी टपाल आणायला नेहमीच्या वेळी गेले नाही. त्यांची गाडी तळ्याला वळसा घालून फाटकाबाहेर गेली ती मी वरच्या खिडकीतून पाहिली. मग पुढं कितीतरी महिने मी आमची पेटी उघडायची आणि त्यांच्या पेटीवर हात ठेवून उभी राहायची. तिची किल्ली माझ्याकडं नव्हती. नवीन भाडेकरू एक तरुण गोरी मुलगी होती. ती एकदा मला तशी बघून हसली आणि मला काहीतरी विचारलं. मी मान हलवून निघून आले.

मागितलं ते मला मिळालं. आता हे लिहिताना खोटं कशाला लिहू, त्यानंतरचं वर्ष मला बार्शीपेक्षा एकटं गेलं. नात पूर्ण दिवसाच्या शाळेत, मग पोहणं, मग पियानो. केसांत हात घातला तर "आजी, स्टॉप" म्हणायला लागली होती. कागदपत्रं चालू असताना देश सोडायचा नाही असं वकिलांनी सांगितलं होतं. त्या काळात माझी थोरली बहीण गेली, आणि मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या फोनवर तिच्या सुनेचं रडणं ऐकलं. रडून झाल्यावर फोन ठेवला आणि घरात कुणी नव्हतं ज्याला सांगावं. मुलाला ऑफिसात फोन करायची मला भीती वाटते, तिथं आधी कुणीतरी इंग्रजीत बोलतं.

त्या संध्याकाळी मुलगा आल्यावर मी एवढंच म्हणाले, "इथं दिवस जात नाही रे."

तो दमून आला होता. बूट काढता काढता म्हणाला, "आई, राहायचं तूच म्हणाली होतीस ना."

वाईट मनानं नाही म्हणाला. बहिणीचं कळलं तसा लगेच माझ्याजवळ येऊन बसला, पाणी दिलं. पण काका पेटी पुसत जे म्हणाले होते ते मला तेव्हा कळलं, सरकारची सोय कशी असते ते. मी विचार केला, म्हणावं का, तुम्हीही हात वर केले होते? म्हणाले नाही. "हो, मीच म्हणाले होते," असं सांगितलं. आणि सांगितल्यावर नवल म्हणजे जरा बरं वाटलं. लग्न मामानं ठरवलं, बार्शी मालकांनी ठरवली, शाळा सुटली ती वडिलांनी सोडवली. त्या सगळ्याबद्दल मी कधी ना कधी कुणाला तरी बोल लावला आहे. इथल्या या गप्प दुपारींबद्दल कुणाला बोल लावायची सोय नाही. हात माझाच होता.

२००६ च्या अखेरीला माझं कार्ड आलं. नाताळची सुट्टी होती, मंडळी बाजारात गेली होती. फोन वाजला. घरात कुणी नसलं की मी उचलत नाही, पण त्या दिवशी उचलला.

"ताई, मी फ्रिस्कोहून बोलतोय."

वर्षभरानं तो आवाज ऐकला. मी पदरानं रिसीव्हर पुसला, का ते ठाऊक नाही.

"कशा आहात?"

"बरी आहे," मी म्हणाले.

त्यांनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बऱ्या आहात का, ताई?"

दुसऱ्यांदा विचारलं त्यांनी. "एकटं वाटतं काका," मी म्हणाले. "फार वाटतं."

"मलाही," ते म्हणाले. "इथं टपालपेटी दारातच आहे. चालत जावं लागत नाही."

आम्ही दोघंही गप्प राहिलो. फोनवर गप्प राहायला पैसे पडतात, पण त्यांनी ठेवला नाही. मग खाकरून म्हणाले, "तुम्हाला एक बातमी सांगायला फोन केला. इंग्लंडनं दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकेकडून कर्ज घेतलं होतं. इतकी वर्षं फेडत होते. मी बसवर होतो तेव्हाही फेडत होते, माझ्या पगारातून कर कापायचे त्यातूनही गेलं असेल."

"अगं बाई. मग त्याचं तुम्हाला विचारलं होतं का? हो की नाही?"

"त्याचं कोण विचारतं?" ते हसले. तोच हसण्याचा खोकला. "घेताना नाही विचारलं आणि फेडताना नाही विचारलं."

"आणि तुमचं ते सार्वमत?"

"ते नाही आलं. पण हे झालं. आज शेवटचा हप्ता गेला, ताई."

"म्हणजे आता काही बाकी नाही?"

"काही नाही," काका म्हणाले. "पै न् पै फिटली."